बालवाडीत आलेली बोलणारी पेटी

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी त्या रविवारी बालवाडीच्या खोलीत तीस-चाळीस आईबापांच्या देखत मी उभी राहिले आणि म्हणाले, "हे खेळणं आपण घेऊ नये." पुढचे कित्येक महिने मी जे जे ऐकून घेतलं, ते या एका वाक्यापायी. वाक्य मागे घे, विषय मिटव, असं मला नवऱ्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी ते मागे घेतलं नाही.

आम्ही तेव्हा दिंडोशीला राहायला आलो होतो, हौसिंग बोर्डाच्या वसाहतीत. घरात मी, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि सासरे. सासरे गिरणीत फिटर होते. संप झाला, आणि पुढे गिरणी सुरू झाली तेव्हा त्यांना कुणी परत बोलावलं नाही. माणूस मुळातच कमी बोलणारा, त्यात हाताचं काम गेलं. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या डोंगराकडे बघत बसायचे. नवरा छापखान्यात होता. मी अंधेरीच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड जोडायचे. माल सगळा परदेशात जायचा. आम्ही बायका रांगेत बसायचो, डोळ्यांसमोर भिंग, हातात सोल्डर, म्हणजे कथील, वितळवायची तापलेली कांडी, आणि तांदळाएवढे भाग चिमट्याने उचलून जागेवर बसवायचे. चार वर्षांत मला शिकाऊ मुलींच्या बोर्डांवर नजर ठेवायचं काम मिळालं होतं. कुठला जोड दोन महिन्यांत सुटणार हे मला बघून कळायचं. याचा मला अभिमान होता. अजून आहे.

वसाहतीत मात्र मी 'फॅक्टरीत जाते ती' एवढीच होते.

बालवाडी तळमजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत भरायची. शिकवणाऱ्या बाई एकच, पस्तिशीच्या, आवाज बारीक पण मुलं त्यांचं ऐकायची. कारभार वसाहतीच्या कमिटीकडे, आणि कमिटी म्हणजे अध्यक्ष. अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजून. वसाहतीतली पोरं मागे पडू नयेत असं त्यांना मनापासून वाटायचं, हे मी आजही कबूल करते. त्यांनीच त्या विक्रेत्याला बोलावलं होतं.

विक्रेता तरुण होता, टाय लावलेला. त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक पिवळीधमक पेटी काढली. वर अस्वलाचं तोंड, खाली चित्रांची वीसेक बटणं. सेल घातले, कळ दाबली, आणि पेटी इंग्रजीत बोलली. हत्ती कुठे आहे, असं तिने विचारलं. त्याने हत्ती दाबला. हिरवा दिवा लागला, छोटीशी धून वाजली. अख्खी खोली "अरे वा!" म्हणाली.

"आता कॉम्प्युटरचं युग येतंय," तो म्हणाला. "जी मुलं आज यावर बसतील तीच उद्या पुढे जातील. मोठमोठ्या शाळांत हेच असतं."

मग मुलांना एकेक करून पुढे बोलावलं. पहिल्या मुलीने बरोबर बटण दाबलं, टाळ्या झाल्या. दुसरा आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा. पेटीने त्याला बदक विचारलं, त्याने बस दाबली. लाल दिवा लागला आणि भर्र असा कर्कश आवाज आला. पोरगं खूश! त्याने परत बस दाबली. परत भर्र. तिसऱ्यांदाही तेच. त्याला तो आवाजच आवडला होता. "अरे, असं नाही करायचं!" त्याची आई ओरडली, अध्यक्षांनीही डोळे मोठे केले, आणि त्याला दंडाला धरून बाजूला काढलं.

नंतर माझी मुलगी. तिला पेटीने काय विचारलं ते तिला कळलंच नाही. घरात आम्ही मालवणी मिसळलेलं मराठी बोलायचो, इंग्रजी तिच्या कानाला कुठून माहीत असणार? तिने पतंग दाबला, कारण पतंग लाल होता. भर्र. ती दचकली. विक्रेता गोड हसून म्हणाला, "ट्राय अगेन, बेबी." तिने पुन्हा काहीतरी दाबलं. पुन्हा भर्र. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. किती सांगितलं तरी ते हात पुढे आले नाहीत.

मी उठले ते तेव्हा.

पेटी उचलून उलटी केली. सेलचं झाकण नुसतं बोटाने सरकवायचं होतं, स्क्रू नाही. मग मी एका बटणावरची प्लॅस्टिकची टोपी चिमटीत धरली आणि ओढली. टोपी हातात आली.

"अहो मॅडम, तुम्ही ओढलंत म्हणून निघाली," विक्रेता म्हणाला.

"चार वर्षांचं पोर काय करेल? आरती ओवाळेल तिला? ते ओढणार, आणि मग तोंडात घालणार."

थोडे लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "ते फेव्हिकॉलने चिकटवता येईल," ते म्हणाले. "मुद्दा शिक्षणाचा आहे."

"शिक्षणाचंच बोलते मी. या पेटीला एकच उत्तर माहीत आहे. मुलाने त्यातून दुसरं काही काढलं, स्वतःचं काही केलं, की ही त्याच्यावर ओरडते. ही खेळत नाही त्यांच्याशी. परीक्षा घेते. हे खेळणं आपण घेऊ नये."

"ताई," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "तुम्ही वायरी जोडता, चांगलं काम आहे. पण वायरी जोडणं वेगळं आणि शिक्षण वेगळं."

हे वाक्य मला लागलं. खोटं कशाला बोलू? पण रडू आलं नाही, रागच आला, आणि त्या रागात मी बोलून गेले, "मग पंधरा दिवस ही पेटी इथे नमुना म्हणून ठेवा. मीही एक खेळणं आणून ठेवते. विजेचंच. मग ठरवा."

"कुठलं खेळणं?"

"पुढच्या रविवारी बघा."

माझ्याकडे कुठलंच खेळणं नव्हतं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तुला काय गरज होती गं तोंड उघडायची? सगळे घेतायत तर घेऊ दे ना. आपल्यालाच काय एवढं?" मी कागद घेऊन जमिनीवर बसले आणि आखायला लागले. एक लाकडी फळी. तिच्यावर टॉर्चचे चार बल्ब, एक दाराची घंटी, एक छोटी मोटर आणि तिला पंख्याचं पातं, दोन-तीन कळा. सेल एका बंद डबीत. आणि मोकळ्या तारा, टोकांना चाप लावलेल्या. चाप इथे लावला की बल्ब लागेल, तिथे लावला की घंटी वाजेल, कुठेच नाही लावला तर काहीच होणार नाही. कुणी ओरडणार नाही.

गॅलरीतून सासरे आत आले. बराच वेळ कागदाकडे बघत उभे राहिले.

"ह्यां पोरांच्या हातात देवचा आसा?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"मगे कोपरे घासूक व्हयेत. आणि खिळे नको, स्क्रू घाल."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर घरभर लाकडाचा भुसा. पलंगाखालची त्यांची हत्यारांची पेटी दोन वर्षांनी बाहेर आली होती. जुन्या कपाटाच्या दाराची फळी कापून, कडा गोल करून, पॉलिश पेपरने अशी घासली होती की गाल टेकवावा. माझ्या मुलीला त्यांनी कामाला लावलं होतं. ती स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करत होती आणि दोघांपैकी कुणीही माझ्याकडे वर बघितलं नाही.

जोडकाम मी केलं. एकाच गोष्टीची काळजी होती. मुलांनी डबीची दोन टोकं थेट एकमेकांना जोडली तर तार तापेल. म्हणून डबीच्या आत, सेलच्या वाटेवरच, एक बल्ब कायमचा घालून टाकला आणि त्याच्या डोक्यावर छोटं भोक ठेवलं. टोकं थेट जोडली तरी तार गार राहणार, आणि वर भोकातून तो बल्ब लागलेला दिसणार. म्हणजे तीही एक गंमतच. डबी चार स्क्रूंनी बंद. मोटर आमच्या बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमधली होती. बाकीचं सामान मालाडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणि वाण्याकडून आणलं. कारखान्यातून मी सोल्डरचा तुकडासुद्धा आणला नाही. आणता आलाही नसता. सुटताना गेटवर आमची रोज झडती व्हायची, डब्यासकट.

रविवारी फळी ठेवली. अध्यक्षांनी बघितली आणि म्हणाले, "यात शिकायचं काय?"

मी म्हणाले, "पंधरा दिवसांनी सांगते."

एका शनिवारी मी सुट्टी टाकून बालवाडीत जाऊन बसले. पेटीसमोर रांग होती. एकेकाला एक वेळ, आणि बाईंना शेजारी उभं राहावं लागायचं, नाहीतर ढकलाढकली. खोटं नाही सांगणार, काही मुलांना पेटी फार आवडली होती. एका मुलाला आठवड्यात वीसच्या वीस शब्द पाठ झाले होते आणि त्याची आई ते येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणून दाखवायला लावत होती. फळीभोवती रांग नव्हती. सहा-सात पोरं पोटावर पालथी पडली होती आणि मराठी, गुजराती, हिंदी, मालवणी अशा मिळतील त्या भाषांत भांडत होती. "इधर लगा ना!" "अगो, तां नको, तां सोड!" एकाने चाप लावला, काहीच झालं नाही. कुणी त्याला चुकलास म्हणालं नाही. त्याने चाप दुसरीकडे लावला. मग तिसरीकडे. घंटी वाजली तशी ती सगळी अशी दचकली की जणू कुणी दारात आलंय. आणि एक मुलगी खरंच उठून दार उघडून बघून आली. त्यानंतर तोच खेळ सुरू झाला. कधी डॉक्टर यायचा, कधी मासेवाली. घंटी वाजवायला एक जण, दार उघडायला दुसरा, पंखा लावून पाहुण्याला वारा घालायला तिसरा.

माझी मुलगी पंख्याची मालकीण झाली होती. पाहुणा बसल्याशिवाय ती पंखा लावू द्यायची नाही. हात पुढे होते तिचे. मी तेवढंच बघत होते.

अडचणी आमच्या फळीतही निघाल्या. लोखंडी चापात एका मुलाचं बोट सापडलं. बोटाला नुसता लाल वळ होता, पण त्याची आई तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरी येऊन मला भरपूर बोलून गेली. तिचं बरोबर होतं. मी तसं तिला सांगितलं. त्या रात्री सासऱ्यांनी दोरीवरचे कपड्यांचे लाकडी चिमटे काढले, आतून तांब्याची पट्टी गुंडाळली आणि लोखंडी चाप काढून ते लावले. त्यात बोट सापडलं तरी काही व्हायचं नाही. सकाळी नवऱ्याचा शर्ट वाऱ्याने खाली पडला होता आणि तो, "आता चिमटेही गेले का!" म्हणून कुरकुरत खाली गेला.

दुसरी सभा भरली. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते. ते बोलायची वेळच आली नाही. अध्यक्षांनी फळी टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि सावकाश विचारलं, "ताई, आधी एक सांगा. हे सगळं सामान आलं कुठून? मोटर, बल्ब, तारा... तुमच्या कारखान्यात असंच सामान असतं, नाही का?"

माझ्याशेजारी बसलेले सासरे उठायला लागले. दोन वर्षांत वसाहतीत कुणाशी चार शब्द न बोललेला माणूस भर सभेत बोलायला उभा राहत होता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "बाबा, बसा. मी बोलते."

मग अध्यक्षांना म्हणाले, "स्पष्ट बोला. मी चोरी केली असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं मी म्हटलेलं नाही."

"तसंच म्हटलंत. मोटर आमच्या टेपरेकॉर्डरची आहे, तो घरी उघडा पडलाय, येऊन बघा. फळी आमच्या कपाटाची आहे, कपाटाला एक दार नाही. आणि उद्या सकाळी सातला माझ्याबरोबर बसमध्ये बसा. कारखान्याच्या गेटवर चला, आणि तिथल्या झडती घेणाऱ्या बाईला माझ्यासमोर विचारा. मी इथे सगळ्यांसमोर बोलावते तुम्हाला. नाहीतर शब्द मागे घ्या, तेही सगळ्यांसमोर."

अध्यक्षांनी कागद सरळ केले. म्हणाले, "आपण विषयावर येऊ या."

"हाच विषय आहे," मी म्हणाले, आणि उभीच राहिले. त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. मी शेवटपर्यंत बसले नाही. पाय दुखायला लागले तरी उभी होते.

हात वर करून मतं घेतली. पेटी घ्यायची ठरली. अर्ध्याहून बरेच जास्त हात वर होते, त्यात बोट सापडलेल्या मुलाची आई नव्हती याचं मला नवल वाटलं. मी हरले. ते मला तिथल्या तिथे कळलं आणि तरी मी म्हणाले, "ठीक आहे. घ्या पेटी. माझी मुलगी बालवाडीत येईल, पण त्या पेटीपुढे तिला कुणी उभं करायचं नाही. तिला स्वतःला वाटलं तर ती जाईल."

"आणि ही फळी तुम्ही घरी न्या," अध्यक्ष म्हणाले.

तेव्हा मागून बारीक आवाज आला. बालवाडीच्या बाई. कमिटीच्या सभेत त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. "फळी इथेच राहील," त्या म्हणाल्या. "मुलांना मी सांभाळते, खोलीत काय ठेवायचं ते मला कळतं. नको असेल तर दुसरी बाई शोधा."

तेवढ्या पगारात दुसरी बाई मिळणार नव्हती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. फळी राहिली.

पुढे पेटीचं काय झालं म्हणाल तर विशेष काही नाही. ती बिघडली वगैरे नाही, चांगली टिकली. पण महाग वस्तू म्हणून तिला कपाटात कुलूप लागलं आणि किल्ली अध्यक्षांकडे. कुणी पाहुणे आले की ती बाहेर यायची. फळी मात्र दर महिन्याला मोडायची. तार तुटायची, बल्ब जायचे, एकदा कुणीतरी घंटीत डाळ भरली. दर रविवारी सासरे खाली जाऊन दुरुस्त करायचे आणि पोरं त्यांच्या मांडीवर चढून बघायची. शेजारच्या कुरारमधल्या एका बालवाडीची बाई ते बघून गेली आणि तिने तशीच फळी मागितली. मग तिसरीने. बाबांनी पाच-सहा फळ्या केल्या असतील. गॅलरीतली खुर्ची बहुतेक रिकामीच असायची. अध्यक्ष माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. जिन्यात समोर आले की भिंतीकडे बघायचे. मी कुठेही बघायचे नाही, सरळ चालत राहायचे.

आता बिल्डिंगमधल्या तरुण आया मला फोन दाखवून विचारतात, काकू, हे अ‍ॅप बरं की ते? मी चष्मा लावून बघते. पोराला त्यात काय करता येतं ते बघते, आणि ते अ‍ॅप पोराकडून काय काय करून घेतं तेही बघते. चमकणारे तारे आणि टाळ्या जास्त असतील तर मी नको म्हणते. काही जणी ऐकतात. काही म्हणतात, काकू जुन्या वळणाच्या आहेत. अख्खं तारुण्य सर्किट बोर्डांवर घालवलेल्या बाईला जुन्या वळणाची म्हणतात, म्हणू देत.

यंत्राशी माझं वैर असतं तर मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा मी तिला हातात धरायचा व्हिडिओ गेम घेऊन दिला नसता. तिने स्वतः मागितला होता. वर्गातल्या एका मुलीकडे होता. ही बातमी वसाहतीत पसरली तेव्हा बोलायला लोकांना आयतंच मिळालं. एक शेजारीण पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यांसमोर म्हणाली, "काय हो, तेव्हा अध्यक्षांशी केवढ्या भांडला होतात! आता कुठे गेलं ते?"

"तेव्हा ती चारची होती. आता आठची आहे," मी म्हणाले. "आणि तिने मागितलाय. कुणी तिच्यापुढे आणून ठेवला नाही."

पण घेण्याआधी मी एकटी मालाडच्या दुकानात गेले होते. काउंटरवर तीन गेम काढायला लावले. पहिल्याची बटणं दाबून बघितली, मागचा स्क्रू तपासला, आणि मग स्टुलावर बसून खेळायला लागले. खाली पडणारी अंडी टोपलीत झेलायची होती. माझी सारखी फुटत होती. अर्धा तास झाला. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

दुकानदार वैतागून म्हणाला, "मॅडम, लेना है या खेलना है?"

"आधी खेलना है," मी म्हणाले, आणि दुसरा गेम उचलला.